पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीने निघाला नाही, स्टेंट टाकून घरी पाठवले : पुढे काय?

रामबागेतला (इंदूर)

नमस्कार. सविस्तर लिहिल्याशिवाय माझे प्रश्न नीट कळणार नाहीत, म्हणून थोडे लांबण लावत आहे.

माझ्या आईचे वय ७१. तिचे पित्ताशय खड्यांमुळे २००९ सालीच काढलेले आहे, त्यामुळे पित्ताच्या खड्यांचे प्रकरण आमच्या घरापुरते संपले, अशी आमची समजूत होती. दिवाळीनंतर तिला अंगभर खाज सुटू लागली, लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले. शेजारच्यांनी कावीळ उतरवणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. आईची श्रद्धा आणि आमची चालढकल यांत आठ दिवस गेले. रोज उसाचा रस मात्र नेमाने चालू होता. नवव्या दिवशी रात्री हुडहुडी भरून ताप आला, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, आणि पहाटे आम्ही तिला रुग्णालयात नेले.

एमआरसीपीच्या (पित्तनलिकांच्या एमआरआय चित्राच्या) अहवालानुसार मुख्य पित्तनलिका १८ मिमी रुंद झाली आहे, तिच्यात २१ मिमी लांब आणि १७ मिमी रुंद असा एक खडा आहे, त्याच्या वर दोन लहान खडे आहेत आणि खाली नलिका निमुळती होत ९ मिमीवर आली आहे. रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे रंगद्रव्य, ९.४ होते. दुसऱ्या दिवशी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाण्याची क्रिया, केली. सुमारे दीड तासाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की नलिकेचे तोंड कापून मोठे केले, आतला पू वाहून गेला, लहान खडे जागचे हललेही नाहीत, मोठा खडा जाळीत येत नाही, म्हणून प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, टाकला आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. ताप दोन दिवसांत उतरला, कावीळही ओसरते आहे.

पित्ताशयच नसताना हा खडा आला कुठून, हे आम्हाला अजून कळलेले नाही. खडा पडद्यावर स्पष्ट दिसत होता, दुर्बीण तिथपर्यंत पोचली होती, तोंडही कापले होते, मग अडले कुठे? स्टेंट हा उपचार आहे की नुसती तारीख पुढे ढकलणे आहे? आणि माझे मामा म्हणतात तसे, सरळ पोट उघडून एकदाच काढून टाकणे या वयात शहाणपणाचे ठरेल का? डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी उत्तरेही दिली, परंतु त्या वेळी आमच्या डोक्यात काही शिरण्यासारखी स्थिती नव्हती.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे. प्रत्यक्ष चित्रे पाहिलेली नाहीत, त्यामुळे आपल्या मातोश्रींच्या बाबतीत निर्णय तिथल्याच डॉक्टरांचा. मी फक्त हे घडते कसे ते सांगतो.

पित्ताशय काढल्यानंतर थोड्याच काळात नलिकेत खडा सापडला, तर तो बहुधा त्या वेळीच पित्ताशयातून निसटून खाली आलेला असतो. दोन वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर तो नलिकेतच तयार झाला असे आम्ही धरतो. नलिका रुंद झाली, तिचा निचरा मंदावला आणि जंतू शिरले, की पित्तातील रंगद्रव्य आणि चुना यांचा साका बसत जातो आणि त्याचा तपकिरी खडा बनतो. हे खडे मऊसर, कुस्करणारे असतात. पित्ताशयातल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांसारखे टणक नसतात. ही त्यातल्या त्यात चांगली बाजू आहे.

आता अडले कुठे ते पाहू. पित्तनलिका आतड्यात जिथे उघडते तिथे एक गोल स्नायू तिला आवळून असतो. रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्याने १८८७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ओडीचा स्नायू म्हणतात. दुर्बिणीतून तार घालून, विजेच्या पात्याने हा स्नायू कापतात. परंतु हा छेद हवा तेवढा वाढवता येत नाही. नलिकेचा जेवढा भाग आतड्याच्या भिंतीतून जातो, तेवढ्याच भागात कापण्याची मुभा असते. त्यापलीकडे पाते गेले तर आतड्याला भोक पडते. म्हणजे दार थोडे रुंद झाले, तरी दाराआधीचा ९ मिमीचा बोळ तसाच राहिला. आपल्याकडे १७ मिमी रुंदीचा खडा ९ मिमीच्या बोळातून काढायचा आहे. खरी अडचण ही आहे.

दुसरी अडचण जाळीची. ही तारांची जाळी बंद अवस्थेत खड्याच्या बाजूने वर सरकवतात, खड्याच्या वर उघडतात आणि मग खाली ओढत खडा तिच्यात घेतात. यासाठी खड्याच्या भोवती मोकळी जागा लागते. १८ मिमीच्या नलिकेत १७ मिमीचा खडा असेल, तर जाळी उघडणार कुठे? बाटलीत पडलेले बूच दोरीच्या फासात अडकवून काढायचा खेळ आपण लहानपणी खेळत असू. बूच बाटलीच्या गळ्यातच घट्ट बसले असेल तर फास फिरवायला जागाच राहत नाही, तसे हे आहे. वरचे लहान खडे का आले नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. नलिका नेहमी खालून वर रिकामी करतात. खालचा मोठा खडा हलल्याशिवाय वरच्यांना ओढून आणले, तर सगळे एकत्र अडकून बसतात.

नेहमीच्या साधनांनी, म्हणजे छेद, जाळी आणि खडा खाली ओढणारा फुगा यांनी, दहापैकी साधारण साडेआठ ते नऊ रुग्णांचे खडे निघतात. उरलेले 'अवघड खडे' या वर्गात मोडतात. १५ मिमीपेक्षा मोठा, पिंपासारखा लांबट, नलिकेत रुतलेला, अरुंद भागाच्या वर बसलेला किंवा यकृताच्या आतल्या फांद्यांत असलेला खडा, तसेच खाली काटकोनाकडे झुकलेली नलिका, अशी ही यादी आहे. आपल्या आईंच्या अहवालात यातल्या तीन गोष्टी दिसतात.

खुल्या शस्त्रक्रियेविषयी उद्या लिहितो. त्या काळातला मीच आहे, त्यामुळे ते थोडक्यात आटोपणार नाही.

शंकेखोर (इंदूर)

डॉक्टरसाहेबांचा मान राखून एक शंका विचारतो. आमच्या सुदामानगरात दोन जणांना असेच स्टेंट टाकून परत पाठवले आणि दोघांकडून दोनदा संपूर्ण खर्च घेतला. खडा मोठा आहे हे एमआरसीपीत आधीच दिसले होते, तर तो फोडण्याची साधने पहिल्याच दिवशी तयार का ठेवली नाहीत? शिवाय मूत्रपिंडाचे खडे बाहेरून यंत्राने फोडतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तसे का करत नाहीत? मला तरी यात दोनदा बिल करण्याची सोय दिसते.

पडद्याआडची (इंदूर)

मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका म्हणून काम करते. कुठे करते ते लिहीत नाही.

शंकेखोर, आपली शंका सर्वस्वी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. खडा मोठा आहे हे आधी कळले असेल आणि त्या केंद्रात खडा फोडण्याची सोय नसेल, तर तसे नातेवाइकांना आधीच सांगायला हवे. परंतु या आजींना ताप होता, थंडी वाजत होती, कावीळ होती. ताप, कावीळ आणि पोटदुखी हे त्रिकूट एकत्र आले म्हणजे नलिकेत पू कोंडला आहे असे समजून आम्ही धावपळ सुरू करतो. त्यातच रुग्ण बरळू लागला किंवा रक्तदाब घसरला, तर रात्री-बेरात्री डॉक्टरांना बोलावले जाते. अशा रुग्णाच्या नलिकेत दोन तास खडा फोडत बसणे धोक्याचे असते, कारण आत दाब वाढला की जंतू थेट रक्तात जातात. त्या दिवसाचे काम पू बाहेर काढण्याचे असते. स्टेंटने ते काम झाले, ताप उतरला. त्यामुळे पहिला दिवस वाया गेला असे मी मानत नाही.

खेचाखेच केल्याने काय होते, याचा मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. खडा जाळीत आला, जाळी आवळली गेली, आणि मग खडा दारातून बाहेर येईना व जाळीतून सुटेनाही. जाळीच्या तारा खड्यात रुतल्या होत्या. रुग्ण टेबलावर पालथा, तोंडातून दुर्बीण आत, आणि जाळीची दुसरी बाजू आमच्या हातात. शेवटी जाळीची मूठ कापली, तारांवरून दुर्बीण बाहेर काढून घेतली, मग त्याच तारांवर धातूची जाड नळी चढवून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती खड्यापर्यंत नेली आणि बाहेरून चक्र फिरवून तारा ओढत गेलो, तेव्हा खडा चिरडला. हे साधन प्रत्येक एंडोस्कोपी कक्षात हाताशी असावे लागते. ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी खोलीत कुणी बोलत नाही. त्यामुळे एखादे डॉक्टर 'आज इथे थांबू' म्हणतात, तेव्हा माझा जीव भांड्यात पडतो.

लष्करकर (ग्वाल्हेर)

मूत्रपिंडाच्या खड्याशी तुलना नेहमी होते. तिथला खडा बहुधा साध्या क्ष-किरण चित्रात दिसतो, त्यामुळे यंत्राचा नेम धरता येतो. पित्तनलिकेतले बहुतेक खडे तसे दिसत नाहीत. नाकावाटे नलिकेत एक बारीक नळी ठेवून, तीतून क्ष-किरण चित्रात दिसणारे रंगद्रव्य सोडून मगच नेम धरावा लागतो. फुटलेले तुकडे मूत्रासारखे आपोआप वाहून जातीलच असे नाही, बहुतेकदा पुन्हा ईआरसीपी करून ते काढावे लागतात. म्हणून बाहेरून फोडण्याची पद्धत उपलब्ध असली, तरी ती पहिली निवड नसते.

सध्याचा क्रम साधारण असा आहे. छेद थोडा घेऊन मग १२ ते २० मिमी व्यासाच्या मोठ्या फुग्याने तोंड हळूहळू ताणायचे, ही पद्धत २००३ पासून रूढ होत गेली आणि तिने खडे फोडण्याची गरज बरीच कमी केली. मात्र फुगा नलिकेच्या खालच्या भागाच्या रुंदीपेक्षा मोठा फुगवता येत नाही, नाहीतर नलिका फाटते. या प्रकरणात ९ मिमीचा बोळ आहे, म्हणजे मोठ्या फुग्याचा मार्ग जवळपास बंदच. त्यानंतर उरते खडा जागेवरच फोडणे : एक तर जाळीने चिरडून, किंवा नलिकेच्या आत जाणाऱ्या बारीक दुर्बिणीतून खडा डोळ्यांनी पाहत, लेसरने अथवा पाण्यात विजेची ठिणगी टाकून. ही बारीक दुर्बीण मोठ्या दुर्बिणीच्या पोटातूनच आत जाते. तिचा सर्वांत प्रचलित प्रकार एकदाच वापरून टाकून द्यायचा असतो, खर्च वाढतो तो त्यामुळे.

आता खुल्या शस्त्रक्रियेविषयी. १९७४ साली जर्मनीत एर्लांगेनला आणि जपानमध्ये क्योटोला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुर्बिणीतून हा स्नायू कापण्याची क्रिया प्रसिद्ध झाली. आमच्याकडे ती पोचायला वेळ लागला. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही पोट उघडत असू, नलिकेला उभा छेद देत असू, देजार्दां चिमट्याने खडे काढत असू आणि इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी आत ठेवून पोट शिवत असू. दहा-बारा दिवसांनी त्या नळीतून रंगद्रव्य सोडून चित्र घ्यायचे, नलिका मोकळी दिसली की नळी ओढून काढायची. काम चोख होई, याबद्दल मला शंका नाही. परंतु सत्तरीतला रुग्ण, ताजी कावीळ, आत पू आणि रक्त गोठण्याची शक्ती उतरलेली, अशा अवस्थेत पोट उघडलेले रुग्ण आम्ही गमावलेले आहेत. कावीळ ओसरल्यावर, शांत काळात, शस्त्रक्रियेची तुलना पुन्हा होऊ शकते. आता ती दुर्बिणीनेही करणारे शल्यचिकित्सक आहेत. आपल्या मामांना इतके सांगावे की मार्ग बंद झालेला नाही, फक्त तो आज घ्यायचा नाही.

छावणीवाली (ग्वाल्हेर)

स्टेंट हा उपचार की तारीख पुढे ढकलणे, हा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. आमच्या सासूबाईंना दुसऱ्या एका शहरात असाच स्टेंट टाकला होता. कावीळ गेली, भूक लागू लागली, आठ दिवसांत त्या पूर्ववत स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. सुटीच्या कागदावर 'तीन महिन्यांनी फेरतपासणी' इतकेच होते आणि तेही गोळ्यांच्या यादीच्या खाली. आत नळी आहे आणि ती काढायची आहे, हे आम्हाला कुणी वेगळे बसवून सांगितले नाही. तो कागद आम्हीही दुसऱ्यांदा वाचला नाही, हेही खरे.

अडीच वर्षांनी त्यांना थंडी वाजून ताप आला. इथे तपासणी झाली तेव्हा प्लास्टिकची नळी पूर्ण बुजलेली होती आणि तिच्याभोवती खड्यांचा थर बसला होता; कणसाला दाणे असावेत तसे ते चित्र होते. मूळचा एक खडा काढायचा राहिला होता, त्याचे आता सात-आठ झाले होते. दोन वेळा ईआरसीपी करावी लागली आणि मध्ये नऊ दिवस रुग्णालयात गेले.

पडद्याआडची (इंदूर)

छावणीवालींनी लिहिले ते आम्ही वरचेवर पाहतो. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत गाळाने आणि जंतूंच्या थराने बुजू लागतो, म्हणून तो तीन ते सहा महिन्यांच्या आत काढायचा किंवा बदलायचा असतो. रुग्णाला बरे वाटत असते, हीच यातली गोम आहे. कावीळ दिसत नाही म्हणून कुणाला घाई वाटत नाही. मी आता नातेवाइकांना स्टेंट टाकल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायला सांगते आणि काढायच्या महिन्याच्या पानावर खूण करायला लावते.

रामबागेतला यांनी विचारलेल्या प्रश्नाची दुसरी बाजूही सांगते. खडा मोठा असताना स्टेंट ठेवला, तर पित्ताचा प्रवाह सुरू राहतो आणि श्वासागणिक होणाऱ्या हालचालीने नळी खड्यावर घासत राहते. दोन-तीन महिन्यांत पुष्कळ खडे लहान होतात किंवा त्यांचे तुकडे पडतात. त्यामुळे थांबण्याचाही काही उपयोग होतो. सगळ्यांचे होतात असे मात्र कुणी सांगू नये.

रामबागेतला (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे लिखाण मोठ्याने वाचून दाखवले, मामांनाही ऐकवले. बाटलीच्या बुचाचे उदाहरण त्यांना पटले.

एक नवा प्रश्न उपस्थित झाला आहे. आईला चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असून ती अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या घेते. पहिल्या वेळी घाईत छेद दिला गेला आणि सुदैवाने रक्तस्राव झाला नाही. पुढच्या वेळी काय करावे? दुसरे, पहिल्या अहवालात 'डायव्हर्टिक्युलमच्या काठावर पॅपिला' असे लिहिले आहे. हे काय आहे?

लष्करकर (ग्वाल्हेर)

दोन्ही गोष्टी आधी कळायला हव्या होत्या, अडचणीचा मोठा भाग त्यांतच आहे.

उतारवयात आतड्याच्या भिंतीला कधीकधी बाहेरच्या बाजूला पिशवीसारखा फुगवटा येतो, तोच डायव्हर्टिक्युलम. पित्तनलिकेचे तोंड, म्हणजे पॅपिला, नेमके त्या पिशवीच्या काठावर किंवा कधी थेट तिच्या आत असते. मग तोंडाची दिशा फिरते, दुर्बिणीसमोर ते सरळ येत नाही, आणि तार आत घालण्यातच अर्धा वेळ जातो. पिशवीची भिंत पातळ असल्याने छेदही आखडता घ्यावा लागतो. तार पुन्हा पुन्हा शेजारच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत शिरली, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. ईआरसीपीनंतरची ही सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत आहे, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना ती होते. म्हणूनच पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला, पाचपेक्षा जास्त वेळा स्पर्श झाला किंवा एकापेक्षा जास्त वेळा तार चुकीच्या नलिकेत गेली, की प्रवेश 'अवघड' समजून पद्धत बदलावी, असा युरोपीय तज्ज्ञांचा संकेत आहे. एक तार स्वादुपिंडाच्या नलिकेत तशीच ठेवून तिच्या आधाराने दुसरी पित्तनलिकेत घालणे, हा त्यातला एक तोडगा.

गोळ्यांविषयी : अॅस्पिरिन साधारणपणे चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल छेदाच्या आधी ५ ते ७ दिवस थांबवतात, परंतु हृदयात स्टेंट असताना ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कदापि थांबवू नये. आपल्या आईंचा स्टेंट चार वर्षे जुना आहे, म्हणजे परवानगी मिळण्याची शक्यता चांगली आहे. तरी ती लेखी घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. आणखी एक गोष्ट रक्ताच्या तपासणीत पाहा. पित्त आतड्यात पोचले नाही की जीवनसत्त्व के शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. कावीळ असताना हा आकडा बिघडलेला असतो, इंजेक्शनाने तो बहुधा सुधारतो.

दांडियाबाजार (वडोदरा)

आमच्या वडिलांची कथा वेगळ्याच कारणाने अवघड झाली, ती इथे नोंदवतो. १९८४ साली जठरव्रणासाठी त्यांचे जठर अर्धे काढून उरलेला भाग आतड्याला पुढे जोडला होता. घरात हे सगळ्यांना माहीत होते, पण 'पोटाचे जुने ऑपरेशन' एवढेच. नलिकेत खडा सापडल्यावर ईआरसीपी ठरली आणि दुर्बीण आत गेल्यावर डॉक्टरांना वाट सापडेना, कारण जठरातून आतड्याकडे जाणारा नेहमीचा रस्ताच राहिलेला नव्हता. अशा रुग्णात पॅपिलाकडे उलट्या बाजूने, म्हणजे खालून वर जावे लागते, सगळे चित्र उलटे दिसते, आणि आतडे वळणावर फाटण्याची भीती असते. त्यांनी प्रयत्न सोडून दिला. पुढे क्ष-किरणतज्ज्ञांनी उजव्या बरगड्यांमधून, यकृतातून सुई घालून नलिकेत नळी बसवली, आधी पित्त बाहेर पिशवीत काढले, आणि तीन आठवड्यांनी त्याच वाटेने फुग्याने खडा खाली आतड्यात ढकलला. बाहेर लटकणारी पिशवी सांभाळणे वडिलांना सर्वांत जाचक वाटले. रावपुऱ्यातल्या मित्रमंडळात ते तितके दिवस गेले नाहीत.

जुन्या शस्त्रक्रियेचा कागद असेल तर तो आधीच दाखवावा. आमच्याकडे तो ट्रंकेच्या तळाशी होता, निघाला नंतर.

शंकेखोर (इंदूर)

पू आणि ताप यांविषयीचे स्पष्टीकरण मला मान्य आहे, शब्द मागे घेतो. अर्धेच मागे घेतो. सोय नसताना आधी न सांगणे ही तक्रार माझ्याकडून कायम आहे. रामबागेतला यांनी दुसऱ्या वेळेआधी तिथे बारीक दुर्बीण आणि लेसर आहे का, ते स्पष्ट विचारावे, आणि नसेल तर जिथे आहे तिथे पाठवण्याची विनंती करावी.

रामबागेतला (इंदूर)

बरेच दिवसांनी येत आहे. शंकेखोर यांचा सल्ला पाळला. पहिल्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी आपल्याकडे लेसर नाही हे सरळ मान्य केले आणि शहरातल्याच दुसऱ्या केंद्राला चिठ्ठी दिली. हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल सहा दिवस बंद ठेवण्यास लेखी संमती दिली.

अकराव्या आठवड्यात आईला दाखल केले. सकाळी रुग्णालयाबाहेर पोहे-जिलबीचा वास येत होता आणि ती रात्रीपासून उपाशी, त्यामुळे स्वारी रागावलेली होती. आत नेण्याआधी गुदद्वारात इंडोमेथॅसिनची गोळी ठेवली. स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून ती देतात, असे तिथल्या परिचारिकेने सांगितले. भूल पूर्ण दिली होती. आधीचा स्टेंट काढला, रंगद्रव्य सोडून चित्र घेतले, तर २१ मिमीचा खडा १६ मिमी झाला होता आणि त्याच्या एका कडेचा तुकडा पडलेला होता. म्हणजे घासण्याचा परिणाम झाला होता. ९ मिमीच्या बोळातून तो तरीही येणारा नव्हताच. मग बारीक दुर्बीण आत घालून लेसरने त्याचे तुकडे केले. एकूण दोन तास दहा मिनिटे लागली. दरम्यान आम्हाला एकदा बाहेर बोलावून पडद्यावर खडा दाखवला. भिजलेल्या गुळाच्या खड्यासारखा दिसत होता, लष्करकर म्हणाले तसा तपकिरी.

तुकडे फुग्याने खाली ओढून आतड्यात सोडले. सर्वांत जास्त वेळ शेवटच्या झाडलोटीला लागला, असे डॉक्टर म्हणाले, कारण नलिका रुंद असल्याने फुगा लहान तुकड्यांच्या बाजूने निसटून खाली येत होता, आणि आत शिरलेली हवा चित्रात बुडबुड्यांच्या रूपाने हुबेहूब खड्यांसारखी दिसत होती. बुडबुडा रुग्णाला कलते केले की वर जातो, खडा जात नाही, अशा युक्तीने ते ओळखतात. बोळाच्या जागी सूज असल्याने एक बारीक स्टेंट महिनाभरासाठी पुन्हा ठेवला आहे. तारीख आमच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे, पडद्याआडचीताई.

रात्री पोटात थोडे दुखले, सगळ्यांच्या पोटात गोळा आला, परंतु रक्तातले अमायलेज (स्वादुपिंडाला सूज आली की वाढते ते) वाढले नव्हते आणि सकाळपर्यंत दुखणे थांबले.

पडद्याआडची (इंदूर)

वाचून फार बरे वाटले. महिन्याने स्टेंट काढायला जाल तेव्हा आधी पोटाचे साधे क्ष-किरण चित्र घेतील. बारीक स्टेंट कधीकधी आपोआप गळून शौचावाटे निघून जातो, मग दुर्बीण घालण्याची गरज उरत नाही. असेल तर साध्या दुर्बिणीने दहा-पंधरा मिनिटांत निघतो. घरी असताना थंडी वाजून ताप आला, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखल व्हा.

लष्करकर (ग्वाल्हेर)

नलिका रुंद आहे आणि पिशवीही तिथेच आहे, तेव्हा खडे पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक धरावा. वर्षातून एकदा रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी, ही पित्ताचा अडथळा दाखवणारी दोन विकरे, तपासा. हे दोन आकडे बिलिरुबिनच्या आधी वाढू लागतात. सोनोग्राफीत नलिका रुंदच दिसणार, त्याने घाबरून जाऊ नये.

रामबागेतला (इंदूर)

शेवटची नोंद. काल स्टेंट काढला. क्ष-किरण चित्रात तो जागेवरच होता, निघायला बारा मिनिटे लागली, आई दुपारी घरी आली आणि संध्याकाळी तिने वरणभात मागून घेतला. बिलिरुबिन ०.८ आहे.

तिची एकच तक्रार आहे. २००९ साली शल्यचिकित्सकांनी पित्ताशयातले सतरा खडे एका लहान बाटलीत घालून तिला दिले होते आणि ती बाटली अजून कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे. या वेळी तिने डॉक्टरांकडे खडा मागितला, तेव्हा ते म्हणाले की त्याचा चुरा झाला आणि तो आतड्यातून केव्हाच निघून गेला. तिला ते फारसे पटलेले दिसत नाही. शेवटी त्यांनी लेसर चालू असतानाचे एक छायाचित्र छापून दिले, ते तिने चौकोनी घडी करून बाटलीखाली ठेवले आहे.